नेट लावलं की पीसी बंद पडतो, मग दोष नेटचाच का?

भाऊ, आधी तुमचं म्हणणं मला जसं समजलं तसं सांगतो, म्हणजे मी काही चुकीचं धरून चाललो असेन तर लगेच लक्षात येईल. चोपडा तालुक्यात तुमचं ई-सेवा केंद्र आहे. पीसी असेंबल केलेला, विंडोज १०, ४-४ जीबीच्या दोन रॅम, त्यातली एक मागच्या दिवाळीत सेकंडहँड घेऊन टाकलेली. नेट बंद असेल तर दिवसभर टायपिंग, स्कॅन, प्रिंट सगळं सुरळीत. लॅनची केबल लावून पोर्टल उघडलं की १०-१५ मिनिटांत ब्लू स्क्रीन येतो आणि मशीन आपोआप रिस्टार्ट होतं. एकदा घाईघाईत फोटो काढला, त्यात ‘एनडीआयएस डॉट सिस’ असं नाव दिसलं. दोनदा विंडोज टाकून झाली, अँटिव्हायरस बदलून झाला, आणि आता तिसरे मेकॅनिक म्हणतात मदरबोर्ड गेला. तुम्ही विचारता, मदरबोर्ड घ्यावा का?

इतक्यात घेऊ नका. तिघांनी तीन औषधं दिली, पण नाडी कोणी पाहिलेली दिसत नाही. मदरबोर्ड खरंच गेलेला असू शकतो, मी नाही म्हणत नाही. पण तुम्ही जेवढं लिहिलंय त्यावरून माझा पहिला संशय त्या सेकंडहँड रॅमवर जातो, दुसरा तुमच्या अँटिव्हायरस आणि बँकेच्या व्हीपीएनच्या (बँकेच्या सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करणारं सॉफ्टवेअर) जोडीवर, आणि मदरबोर्ड फार तर चौथा. हे क्रम का लावले ते सांगतो. ते समजलं की पुढच्या वेळी तुम्हाला कोणाला विचारायची गरज पडणार नाही.

मी जळगावात एक्सपीच्या काळापासून हेच काम करतोय. ‘नेट लावं का मशीन बंद पडी जास’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता गिऱ्हाईक दारात दिसलं तरी ओळखतो. वाक्य खरं असतं, पण त्यातून निघणारा अर्थ बहुतेक वेळा अर्धाच असतो. केबल लावली की फक्त नेट सुरू होत नाही. दिवसभर उपाशी बसलेलं विंडोज अपडेट जागं होतं, अँटिव्हायरस आपली यादी खाली उतरवतो, ब्राउझरच्या सात-आठ टॅब उघडतात, बँकेचं व्हीपीएन चालू होतं, अंगठ्याच्या मशीनची सर्व्हिस सर्व्हरला जाऊन भेटते. प्रोसेसर, रॅम, डिस्क, तिघांवर एकदम ओझं पडतं. एसएमपीएसमधून, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यातून, जास्त करंट ओढला जातो, कॅबिनेट तापतं. नुसतं टायपिंग करताना जी रॅम अर्धीसुद्धा भरत नव्हती ती आता काठोकाठ भरते, आणि जास्त जागा वापरली गेली की खराब जागेवर पाय पडण्याची शक्यता वाढते. म्हणजे ‘नेट लावल्यावर’ याचा अर्थ कित्येकदा ‘काम वाढल्यावर’ एवढाच असतो.

आता त्या एनडीआयएस नावाचं. ते बघून लोक लॅन कार्ड बदलायला धावतात. एनडीआयएस, नेटआयओ, टीसीपीआयपी या नेटवर्क सांभाळणाऱ्या तिन्ही फाइली मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या आहेत आणि जगातल्या प्रत्येक विंडोजमध्ये असतात. त्याच बिघडलेल्या असत्या तर अख्खा जिल्हा बंद पडला असता. रावेर-सावद्याकडून केळीची गाडी दिल्लीला निघाली असं समजा. वाटेत पाच नाके. दुसऱ्या नाक्यावरच्या माणसाने पावतीवर भलताच आकडा लिहिला आणि गाडी पुढे सोडली. चौथ्या नाक्यावर पावती जुळेना, गाडी तिथे अडकली. बातमीत नाव येणार चौथ्या नाक्याचं. नेटवरून आलेलं प्रत्येक पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, असंच लॅन कार्डच्या ड्रायव्हरपासून (ते कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) निघून एनडीआयएस, मग अँटिव्हायरसने मध्ये बसवलेला फिल्टर, व्हीपीएनचा फिल्टर, टीसीपीआयपी, असं हातोहात वर जातं. चूक कोणी केली आणि गाडी कुठे अडली, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्लू स्क्रीनवरचं नाव दुसरीचं उत्तर देतं.

आणि विंडोज गाडी अडवते तरी का? ब्लू स्क्रीनवर बहुधा ‘ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’ असं लिहिलेलं असतं. पॅकेट आलं की कार्ड प्रोसेसरला टोचतं, आणि तेवढ्या क्षणापुरता ड्रायव्हर इतर सगळ्यांना मागे सारून काम करतो. त्या घाईच्या अवस्थेत त्याने फक्त हमखास रॅममध्येच असलेल्या जागेला हात लावायचा असतो. जी जागा कदाचित डिस्कवर जाऊन पडली असेल तिला हात लावला, किंवा पत्ताच चुकीचा निघाला, तर त्याला थांबून ती आणता येत नाही. मग विंडोज मुद्दाम सगळं थांबवते, नाहीतर चुकीच्या जागी लिहिलं जाऊन तुमच्या फाइलींचा सत्यानाश होईल. आता पत्ता चुकीचा निघायला दोन कारणं पुरतात: ड्रायव्हर लिहिणाऱ्याने चूक केली, किंवा पत्ता बरोबर होता पण रॅमने त्यातला एक बिट उलटा परत दिला. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी दिसतात. म्हणून एका फोटोवरून निदान करणारा मेकॅनिक मला आवडत नाही. मी स्वतः तसाच होतो, ते पुढे सांगतो.

माझी कसोटी साधी आहे. एका क्रॅशकडे पाहू नका, पाच क्रॅश शेजारी मांडा. सॉफ्टवेअरचा दोष हट्टी असतो, तो रोज तोच चेहरा घेऊन येतो: तीच फाइल, तोच कोड, साधारण तेच काम करताना. हार्डवेअरचा दोष बहुरूप्यासारखा असतो. आज एनडीआयएस, उद्या ‘मेमरी मॅनेजमेंट’, परवा ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’, तेरवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर, मध्येच ब्राउझरची टॅब आपोआप मेली, मध्येच झिप फाइल उघडताना करप्ट निघाली. पाच क्रॅशला पाच नावं असतील तर रॅम, एसएमपीएस, उष्णता यांच्याकडे वळायचं. ‘डब्ल्यूएचईए अनकरेक्टेबल एरर’ दिसला तर तो तर प्रोसेसरने स्वतः नोंदवलेला हार्डवेअरचा बिघाड असतो, तिथे विंडोज पुन्हा टाकण्यात वेळ घालवू नये. ही कसोटी शंभर टक्के नाही. उनाड ड्रायव्हर दुसऱ्याच्या मेमरीत लिहून जातो आणि मग निरपराध फाइलींची नावं येतात. पण दहापैकी बहुतेक वेळा दिशा बरोबर दाखवते.

भुसावळला एका वकिलांच्या ऑफिसात मी ही कसोटी लावली नाही म्हणून तोंडावर पडलो होतो. त्यांचीही तक्रार हीच, नेट लावलं की बंद. पडद्यावर टीसीपीआयपी दिसलं आणि मी लॅनचा ड्रायव्हर बदलला. दोन दिवस चाललं. पुन्हा फोन. मी वेगळं लॅन कार्ड बसवलं. तीन दिवस चाललं. तिसऱ्या फेरीला त्यांच्या कारकुनाने माझ्यासमोर शाळेची दोनशे पानी वही ठेवली. पोराने प्रत्येक वेळी पडद्यावर जे दिसलं ते तारखेसकट लिहून ठेवलं होतं. स्पेलिंग चुकलेलं, पण अक्षर सुवाच्य. सात ओळी, पाच वेगवेगळी नावं, त्यातली एक डिस्क सांभाळणाऱ्या एनटीएफएसची. लॅन कार्डाचा एनटीएफएसशी काय संबंध? त्या रात्री मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर, लावला. पहिल्या तीन फेऱ्या स्वच्छ गेल्या, चौथ्यात दोन एरर आले. रॅम बदलली, लॅन कार्डाचे पैसे परत केले, आणि तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी वही करायला सांगतो.

तुम्हीही वही करा, पण तुमचं मशीन ती आपोआप करतही असेल. स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ एवढं टाइप केलं की ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ येतं. त्यात दिवसागणिक लाल फुल्या दिसतात. फुलीवर क्लिक करून तपशील वाचा. शिवाय सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमध्ये ‘मिनिडंप’ नावाचं फोल्डर असतं, तिथे प्रत्येक ब्लू स्क्रीनची छोटी फाइल साठते. ‘ब्लूस्क्रीनव्ह्यू’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर त्या फाइली वाचून कोड आणि नाव एका तक्त्यात मांडतं. फोल्डर रिकामं निघालं तर दोन शक्यता असतात. एक, कोणीतरी ‘पीसी फास्ट करण्यासाठी’ पेज फाइल (रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर वापरते ती जागा) बंद केली आहे किंवा क्लीनर सॉफ्टवेअर रोज ते फोल्डर झाडून टाकतं. हा उद्योग आमच्याच धंद्यातले लोक करतात, काय बोलावं! दुसरी शक्यता जास्त महत्त्वाची, ब्लू स्क्रीन येतच नव्हता, वीजच तुटत होती. तिच्याकडे पुढे येतो. सोबत ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’ची खूण काढून टाका. सिस्टिमच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’त ती असते. मग पडदा निळा होऊन तसाच थांबतो आणि फोटो निवांत काढता येतो.

आता तुमच्या ‘दोनदा विंडोज टाकली’ याबद्दल. लोकांना वाटतं विंडोज नवी म्हणजे सॉफ्टवेअरचा प्रश्न मिटला, उरलं ते हार्डवेअर. तुमच्या मेकॅनिकनेही बहुधा हाच हिशेब करून मदरबोर्डवर बोट ठेवलं. पण विंडोज टाकून झाल्यावर त्याने काय केलं ते आठवा. खिशातला पेनड्राइव्ह काढला आणि तीच पोतडी पुन्हा रिकामी केली ना? तोच ड्रायव्हर पॅक, तोच अँटिव्हायरस, तेच व्हीपीएन, तीच अंगठ्याच्या मशीनची फाइल. घर नवीन, भाडेकरू तेच. खरी परीक्षा अशी असते: कोरी विंडोज, लॅनचा ड्रायव्हर मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरचा किंवा विंडोज अपडेटने दिलेला, बाकी काही नाही, आणि त्या अवस्थेत दिवसभर नेट चालवायचं. ती कोणी केली नसेल तर दोन्ही वेळचे पैसे वाया गेले असं समजा.

या भाडेकरूंचा त्रास काय असतो ते अमळनेरच्या एका पतपेढीत पाहिलं. पाच कॉम्प्युटर, पाचही एका सोमवारपासून बंद पडायला लागले. त्यांच्या नेहमीच्या माणसाने वीज खराब म्हणून नवा स्टॅबिलायझर लावायला सांगितलं होतं. मला इथेच थांबावंसं वाटलं, कारण पाच मशीनच्या रॅम ठरवून एकाच सोमवारी मरत नाहीत. विजेच्या झटक्याने गेल्या असत्या तर काही कायमच्याच गेल्या असत्या. विचारलं, शनिवारी काय केलं? अँटिव्हायरसची मुदत संपली म्हणून जुना काढून दुसऱ्या कंपनीचा टाकला होता. लॅनच्या प्रॉपर्टीज उघडल्या, चौकोनी खुणांची जी यादी येते तिच्यात जुन्या अँटिव्हायरसचा फिल्टर तसाच, खूण केलेला, बसलेला. नवाही बसलेला. शिवाय व्हीपीएनचा तिसरा. एका दारावर तीन रखवालदार, आणि त्यातल्या एकाचा मालक गाव सोडून गेलेला. कंट्रोल पॅनेलमधून काढलेला अँटिव्हायरस पूर्ण निघतोच असं नाही, म्हणून बऱ्याच कंपन्या आपापलं रिमूव्हल टूल वेगळं देतात. सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज अगदी गरजेपुरत्या ड्रायव्हरवर चालू करून, दोन्ही अँटिव्हायरस आपापल्या टूलने काढले, विंडोजचा स्वतःचा डिफेंडर ठेवला, व्हीपीएनची नवी आवृत्ती टाकली.

तरी एक मशीन संध्याकाळी पुन्हा पडलं. कारण गमतीचं निघालं. तिथल्या बाईंनी मी सांगितल्यावर ‘शट डाउन’ करून पुन्हा चालू केलं होतं. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. तिच्यामुळे शट डाउन केल्यावर विंडोजचा गाभा ड्रायव्हरसकट डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. ड्रायव्हर खरोखर नव्याने भरायचे असतील तर ‘रिस्टार्ट’च करावं लागतं. रिस्टार्ट केलं, मिटलं. तुमच्याकडे कोणी काही बदललं की नेहमी रिस्टार्ट करून मगच निकाल द्या.

चांगल्या कंपनीचं सॉफ्टवेअर असं करत नाही, असंही समजू नका. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या नावाजलेल्या सुरक्षा कंपनीची एक सदोष अपडेट गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज मशीनवर ब्लू स्क्रीन आला. विमानतळ, दवाखाने, बँका ठप्प झाल्या. त्यातलं हार्डवेअर ठणठणीत होतं. सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढली की मशीन उठत होतं. त्या दिवशी कोणी मदरबोर्ड बदलत बसला असता तर?

तर सॉफ्टवेअर की हार्डवेअर हे वेगळं कसं काढायचं, तेही पैसे न घालता? मी हे करतो. आधी केंद्राचा सगळा डेटा, स्कॅन केलेले कागद, टॅली वापरत असाल तर तीही, बाहेरच्या ड्राइव्हवर घेतो. मग लॅनची केबल काढून ठेवतो आणि मोबाइल यूएसबीला लावून टेदरिंगने नेट देतो. यात लॅनची चिप आणि तिचा ड्रायव्हर खेळातून बाहेर पडतात, वरचे अँटिव्हायरस आणि व्हीपीएन मात्र तसेच राहतात. टेदरिंगवर ‘रिमोट एनडीआयएस’ असं नाव दिसेल, घाबरू नका, ते असायचंच. टेदरिंगवर दोन दिवस काही झालं नाही तर लॅनची चिप, तिचा ड्रायव्हर किंवा केबलमधून येणारी वीज यांच्यावर संशय पक्का होतो. टेदरिंगवरही पडलं तर लॅन निर्दोष, आणि नव्या मदरबोर्डचा खर्चही बहुधा वाचला.

दुसरी गंमत उलटी आहे. लॅनची केबल लावा, पण राउटरमागचं फायबर काढून ठेवा. म्हणजे लिंक आहे, नेट नाही. एवढ्यानेच मशीन पडलं तर पॅकेटांची गर्दी हे कारण उरत नाही, चिप किंवा वीज बघायची. आणि तिसरी माझी आवडती: पेनड्राइव्हवर लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टिम, टाकून, डिस्कला हात न लावता, त्याच लॅन केबलवर तीन-चार तास मोठ्या फाइली डाउनलोड करत ठेवायच्या. ब्राउझरमध्ये व्हिडिओही लावून द्यायचे. लिनक्स शांतपणे चाललं तर हार्डवेअर बहुतांशी धडधाकट आणि दोष विंडोजमधल्या भाडेकरूंचा. लिनक्सही गोठलं किंवा रिस्टार्ट झालं तर विंडोजला शिव्या देणं थांबवा.

सेफ मोड विथ नेटवर्किंग हाही चांगला उपाय आहे, कारण त्यात बाहेरच्या कंपन्यांचे बहुतेक फिल्टर भरले जात नाहीत आणि लॅन मात्र चालते. पण त्यात कामाचं ओझंही कमी पडतं, त्यामुळे तिथे मशीन टिकलं म्हणून रॅम सुटली असं मी धरत नाही. ड्रायव्हरच्या चुका पकडणारं ड्रायव्हर व्हेरिफायर नावाचं हत्यार कोणी सुचवेल. ते खरं धारदार आहे, पण चुकलं तर विंडोज सुरूच होत नाही आणि सेफ मोडमधून ते बंद करावं लागतं. केंद्र चालू असताना, एकुलत्या मशीनवर तुम्ही ते करू नये असं मला वाटतं.

रॅमसाठी मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवरून चालवा. एक फेरी पाहून उठू नका, चार फेऱ्या होऊ द्या. रात्री दुकान बंद करताना लावा, सकाळी बघा. एक जरी एरर आला तरी रॅम नापास. ‘एकच आहे, चालतंय’ असं इथे नसतं. एरर आला तर दोन्ही रॅम काढून त्यांची सोनेरी पट्टी साध्या पांढऱ्या खोडरबरने हलकी पुसा, स्लॉटमधली धूळ ब्रशने काढा, मग एक-एक रॅम एकटी लावून तपासा. एकट्या-एकट्या दोन्ही पास आणि जोडीने नापास, असंही होतं. वेगवेगळ्या कंपनीच्या, वेगळ्या वेगाच्या रॅम कधी कधी एका घरात नांदत नाहीत. मग बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) वेग एक पायरी खाली आणून बघता येतो, किंवा सरळ दिवाळीतली सेकंडहँड रॅम काढून ४ जीबीवर दोन दिवस काढायचे. मशीन हळू चालेल पण उत्तर मिळेल. दिवाळीनंतरच तक्रार सुरू झाली का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ती तारीख आठवली तर अर्धं काम झालं.

आता आपल्याकडच्या गोष्टी, ज्या पुण्या-मुंबईचे व्हिडिओ बघून कळत नाहीत. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो, आणि तुमचं केंद्र पत्र्याखाली असेल तर खोलीतलंच तापमान मशीनला सोसत नाही. प्रोसेसरच्या पंख्यात धूळ, हीट सिंकखालची पेस्ट वाळून खडू झालेली. असं मशीन सकाळी १० पर्यंत गुणी आणि दुपारी २ ला वेडं होतं. क्रॅशची वेळ लिहून ठेवा हे मी म्हणूनच सांगतो. सगळ्या नोंदी दुपारच्या निघाल्या तर कॅबिनेटचं झाकण काढून समोर टेबलफॅन लावा आणि फरक बघा. उपाय गावठी आहे, पण चाचणी म्हणून उत्तम.

दुसरी गोष्ट अर्थिंग. काळ्या मातीत पावसाळ्यात अर्थिंग छान लागते, उन्हाळ्यात जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि खड्डा कोरडा होतो. वायरमनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजायला सांगा. दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर ठीक, दहा-पंधरा दाखवलं तर आधी खड्ड्यात मीठ-कोळसा आणि पाणी घालायची सोय बघा. अर्थ नसेल तर कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, आणि लॅनच्या केबलने दुसऱ्या खोलीतलं मशीन जोडलेलं असेल तर दोन्हीकडच्या विजेतला फरक त्या नाजूक केबलमधून वाट शोधतो. वळवाच्या पावसात वीज जवळ कडाडली की लॅनची चिप अर्धमेली होते ती पुष्कळदा यामुळे. लाइट लागतो, नेट चालतं, पण मधूनच लिंक तुटते-जुळते आणि ड्रायव्हर गोंधळतो. अशा वेळी बायोसमध्ये जाऊन मदरबोर्डवरची लॅन बंद करायची आणि साधं यूएसबी लॅन अ‍ॅडाप्टर लावायचं. मदरबोर्डच्या तुलनेत खर्च किरकोळ.

तिसरी गोष्ट एसएमपीएस आणि यूपीएस. धरणगावकडच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्याचा कॉम्प्युटर दिवसातून चार वेळा बंद पडायचा. वजनाची पावती नेटवरून मुख्य ऑफिसला जाते तेव्हाच पडतो, म्हणून सॉफ्टवेअरवाल्याशी भांडण जुंपलेलं. मिनिडंप रिकामं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या नोंदवहीत, ‘कर्नल पॉवर’ ४१ ची नोंद, आणि तिच्या तपशिलात बगचेक कोड, म्हणजे ब्लू स्क्रीनचा कोड, शून्य. शून्य म्हणजे विंडोजला मरताना काही लिहायलाच वेळ मिळाला नाही. तिथे अर्धा तास नुसता बसून राहिलो. ट्रॉली काट्यावर चढली, पावती निघाली, आणि त्याच सुमाराला पलीकडे प्रेसची मोटर सुरू झाली. ट्यूबलाइट डोळा मारल्यासारखी लवली, यूपीएस टिकटिकला, कॉम्प्युटर गेला. यूपीएस बॅटरीवर जायला काही मिलीसेकंद घेतो. चांगला एसएमपीएस तेवढा वेळ पोटातल्या साठ्यावर काढतो. याचे कपॅसिटर म्हातारे झाले होते आणि पंखा रुईच्या तंतूंनी गादीसारखा भरला होता. नेट बिचारं फक्त त्या वेळी तिथे हजर होतं.

तुमच्या गावात शेतीची लाइन सुरू झाली की पंप एकदम चढतात आणि व्होल्टेज खाली येतं, हे तुम्हाला मी काय सांगायचं! त्यामुळे तुमच्याही क्रॅशची वेळ लाइनच्या वेळेशी जुळते का ते बघा. एसएमपीएस तपासायचा तर पिवळ्या वायरवर १२ व्होल्ट, म्हणजे ११.४ ते १२.६ च्या मध्ये, आणि लाल वायरवर ५ व्होल्ट यायला हवेत, तेही मशीनवर लोड असताना. मीटर बरोबर दाखवूनही एसएमपीएस खराब असू शकतो, म्हणून ओळखीच्या दुकानातून दोन दिवसांसाठी चांगला एसएमपीएस मागून आणणं जास्त खात्रीचं. त्याचा डबा मात्र स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये झटका शिल्लक असतो.

तुमच्या बाबतीत पडदा निळा होतो, नाव येतं, म्हणजे जिनिंगवाला प्रकार पूर्णपणे नाही. म्हणून तुमचा क्रम मी असा लावेन. आज संध्याकाळी डेटा बाहेर काढा, ऑटोमॅटिक रिस्टार्ट बंद करा, मिनिडंपमधली नावं वहीत उतरवा. रात्री मेमटेस्ट, खोलीतला पंखा चालू ठेवून. एरर आले तर वर सांगितल्याप्रमाणे एक-एक रॅम तपासून नापास होईल ती काढा आणि पुढचं काही करूच नका. नाही आले तर उद्या टेदरिंगवर केंद्र चालवा. तिथेही पडलं तर अँटिव्हायरस रिमूव्हल टूलने काढून रिस्टार्ट, मग व्हीपीएन काढून रिस्टार्ट, एका वेळी एकच बदल, नाहीतर कशाने बरं झालं ते कळत नाही. व्हीपीएन काढण्याआधी त्याचं लॉगिन आणि सर्टिफिकेट परत कोण देणार हे बँकेच्या माणसाला विचारून ठेवा, यात बरेच जण अडकतात. टेदरिंगवर मशीन छान चाललं तर यूएसबी लॅन अ‍ॅडाप्टर आणा. आणि विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, तेव्हा तिसऱ्यांदा विंडोज टाकायची वेळ आलीच तर मशीनला ११ चालते का ते त्याच बैठकीत बघून घ्या.

मदरबोर्डवर यायचं कधी? रॅम बदलून, एसएमपीएस बदलून, लिनक्सवरही, लॅन बंद ठेवूनही मशीन पडत असेल तेव्हा. किंवा झाकण उघडल्यावर प्रोसेसरजवळच्या कपॅसिटरची डोकी भाकरीसारखी फुगलेली दिसली तर लगेच. टॉर्च घेऊन एकदा बघून घ्या, आणि फोटो काढला तर वहीतल्या नावांसोबत पाठवा.